खुर्चीखालचं नाव

किर्लोस्कर हे नाव आपण बायका लहानपणापासून वाचत आलो. विहिरीवरच्या पंपावर, इंजिनावर, कुणाच्या आजोळी उसाच्या चरकावर. आमच्या बिद्रीला तर सगळा उसाचाच मुलूख. पण हेच नाव जुन्या लोखंडी खुर्च्यांवरही असतं, हे किती जणींना ठाऊक आहे?

ज्यांच्या कारखान्यातून या खुर्च्या निघाल्या, ते लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. जन्म 20 जून 1869 चा, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या पुस्तकात मन रमत नव्हतं. हाताला चित्रकला आणि यंत्रं यांची ओढ. वडिलांची नाराजी असूनही ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, कारण थोरले भाऊ रामूअण्णा खर्चाला पाठीशी उभे राहिले. तिथे कळलं की, त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. झालं, चित्रकार व्हायचं स्वप्न तिथंच संपलं! पण ते रडत बसले नाहीत. यंत्रांची रेखाटनं करायला रंग कशाला लागतात? ते त्यात तरबेज झाले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. पुढे हक्काची बढती त्यांना डावलून दुसऱ्याला मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरीवर पाणी सोडलं.

1888 मध्ये दोघा भावांनी बेळगावात सायकलींचं दुकान सुरू केलं होतं. नोकरी सुटल्यावर लक्ष्मणराव पूर्णपणे त्यात उतरले. सायकल विकता विकता कडबा कापायचं यंत्र बनवलं, मग लोखंडी नांगर. शेतकरी म्हणे, लोखंडानं जमीन विषारी होते! पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली म्हणतात. आपण एक पापडाची ऑर्डर हुकली की धंदा बंद करायला निघतो.

त्यातच बेळगावची जागा नगरपालिकेच्या नव्या वसाहतीसाठी गेली. तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी कुंडल स्टेशनजवळचा माळ दिला आणि दहा हजारांचं कर्जही. माळ कसला, निवडुंग आणि साप! 1910 साली पंचवीसेक कामगार आणि त्यांची बायकामुलं घेऊन लक्ष्मणराव तिथे राहायला गेले. तीच आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. त्या माळावर पहिली चूल मांडणाऱ्या बायकांची नावं कुठल्या यंत्रावर नाहीत, पण त्यांच्याशिवाय वाडी वसली नसती. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई त्यांतल्याच एक. वाडीत शिवाशीव पाळायची नाही, हा लक्ष्मणरावांचा दंडक होता. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांनाही त्यांनी विश्वासानं राखणीचं काम दिलं.

1914 ला पहिलं महायुद्ध पेटलं आणि परदेशी लोखंड येईना. इथं आपल्या कोल्हापूरचा संबंध येतो. राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या. तोफा वितळल्या आणि त्यांचे फाळ झाले. मला ही गोष्ट फार आवडते.

पुढे वाडीत पंप झाले, चरक झाले आणि लोखंडी फर्निचरही. खुर्च्या, टेबलं, पलंग. याच वाडीतून 1920 पासून ‘किर्लोस्कर’ आणि 1930 पासून ‘स्त्री’ मासिक निघू लागलं. दोन्हींचे संपादक लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव. म्हणजे बघा, ज्या काळी घरात खुर्ची पुरुषांची आणि बाईनं जमिनीवर बसायचं अशी रीत होती, त्या काळी एकाच गावातून खुर्चीही निघत होती आणि बाईला ताठ बसायला शिकवणारं मासिकही. 26 सप्टेंबर 1956 ला लक्ष्मणराव गेले. 1969 मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्यानं तिकीट काढलं.

हे सगळं आज सांगण्याचं कारण आमचं महिला मंडळ. मंडळाला एका जुन्या वाचनालयाकडून चार लोखंडी खुर्च्या मिळाल्या होत्या. छप्पर गळत होतं, पैसे हवे होते, म्हणून त्या किलोवर भंगारात घालायचं ठरत होतं. मी म्हटलं, आधी उलट्या करून बघू. ओल्या फडक्यानं पुसल्यावर दोन खुर्च्यांवर किर्लोस्करांचं नाव निघालं. बाकी दोन बिननावाच्या, पायही मोडलेले. त्या दोन गेल्या, नावाच्या दोन राहिल्या. छपरासाठी आम्ही वर्गणी काढली. काही जणी कुरकुरल्या, त्यांचंही खोटं नव्हतं.

जुनी खुर्ची कुणाची हे ओळखायची रीत तशी सोपी आहे. बैठकीच्या खाली आणि पाठीच्या मागे बघायचं. नाव ओतलेलं, ठोकलेलं किंवा पट्टीवर असतं. रंगाचे थर पॉलिश पेपरनं घासायचे नाहीत, नावच निघून जाईल. सांधे बघायचे : जुन्या कामात बऱ्याचदा रिबिटं असतात, वेल्डिंगचे फुगे दिसले तर नंतरची दुरुस्ती असू शकते. नुसती पट्टी बघून भुलायचं नाही, ती विकणाऱ्या दुकानाचीही असते. आणि प्रत्येक जुनी लोखंडी खुर्ची किर्लोस्करांची नव्हे. गोदरेजचंही लोखंडी सामान घरोघर होतं. संस्थेची वस्तू असेल तर डेडस्टॉक रजिस्टर काढावं. त्यात साल, किंमत, कुणाकडून घेतली हे लिहिलेलं सापडतं.

तिकडे डेन्मार्क देशात 1950-60 च्या लाकडी खुर्च्यांना आज मोठी किंमत येते. तिथेही जाणकार पहिल्यांदा खुर्ची उलटी करतात. गंमत म्हणजे तिथे नावं दोन शोधतात. एक आराखडा काढणाऱ्याचं, दुसरं ती घडवणाऱ्या सुताराच्या कारखान्याचं. फिन यूल यांनी आखलेल्या कितीतरी खुर्च्या नील्स व्होडर या सुतारानं घडवल्या, आणि दोघांचीही नावं आदरानं घेतात. आपल्याकडे मालकाचं नाव तरी लोखंडावर राहिलं, रिबीट ठोकणाऱ्या हातांचं मात्र राहिलं नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची खुर्ची भंगारवाल्याच्या तराजूत टाकण्याआधी एकदा उलटी करा. नाव सापडलं तर वहीत लिहून ठेवा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, ती कुणी आणली, कधी आणली आणि तिच्यावर कोण बसायचं. हे कुठल्याच पट्टीवर कोरलेलं नसतं.