दारुड्याचा पुत्र, लोकांचा सेवक

शिर्डी व राहाता या भागातील मंडळ्यांत फिरताना एक गोष्ट आमच्या वारंवार दृष्टीस पडते. आठवडाभर राबून मिळविलेली मजुरी बाजाराच्या दिवशी गुत्त्यावर जाते व घरी चूल थंड राहते. पुरुषांस तंबाखू व स्त्रियांस मिश्री सुटत नाही. याविषयी उपदेश कसा करावा, असे उपदेशकबंधू आम्हांस विचारतात. त्यांच्याकरिता आज आम्ही गाडगेबाबांचे चरित्र सांगतो. ते ख्रिस्ती नव्हते. तरी त्यांजपासून आपण पुष्कळ शिकावे.

डेबुजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे परीट कुळात झाला. पिता झिंगराजी दारूच्या आहारी गेले. घरचे होते नव्हते ते गेले, शरीर खंगले, आणि डेबुजी आठ वर्षांचा असता पित्याने प्राण सोडला. माता सखुबाई मुलास घेऊन दापुरे येथे माहेरी आली. तेथे डेबुजीने गुरे राखली व शेत कसले. शाळा त्याला मिळाली नाही.

त्या काळी जातीच्या जेवणावळीत दारू व मांस असावेच अशी रूढी होती. डेबुजीने आपल्या कन्येच्या बारशास ती मोडली व गोडाचे जेवण वाढले. भाऊबंद रुष्ट झाले, पण तो डगमगला नाही.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा व मातीचे गाडगे. ज्या गावी जात तेथे दिवसा रस्ते झाडीत व रात्री कीर्तन करीत. साधे प्रश्न विचारून श्रोत्यांच्याच तोंडून उत्तर काढीत, आणि दारू, कर्ज, पशुबळी व अस्पृश्यता यांचा निषेध करीत. लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेस दिली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ प्रवासातच त्यांचा अंत झाला.

बंधूंनो, त्यांनी आरंभ स्वतःच्या घरापासून केला. आधी हात चालविले, मग जीभ. आणि व्यसनी मनुष्याचा त्यांनी तिरस्कार केला नाही, कारण त्याच्या लेकरांचे हाल त्यांनी स्वतः सोसले होते. ज्या उपदेशकाच्या खिशात तंबाखूची पुडी आहे, त्याचा उपदेश कोण ऐकेल? तंबाखूने मुखाचा कर्करोग होतो, हे आज डॉक्टर स्पष्ट सांगतात. आपले शरीर देवाचे मंदिर आहे, असे पौलाने करिंथच्या मंडळीस शिकविले. जे एका अक्षरशून्य परिटाने आपल्या बळावर केले, ते प्रभूचे साहाय्य लाभलेल्या आपणांस अशक्य कसे?

यंदा आपल्या मंडळीतील एकाही लग्नाच्या किंवा बाप्तिस्म्याच्या जेवणात बाटली येणार नाही, असा प्रत्येक कुटुंबाने प्रार्थनापूर्वक निश्चय करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.