बहुतांशी ११ ग्रॅमच्या गोळीने १०११ हत्ती मारणारा करामोजो बेल, पण त्याची नक्कल करणारे मात्र फसले

हत्ती मारायला मोठी बंदूक लागते, हे कळायला शिकारी असायची गरज नाही. पाच-सहा टनांचं धूड. अंगावर आलं तर पळायलाही जागा मिळत नाही.

म्हणूनच शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हस्तिदंताच्या नादाने आफ्रिकेत गेलेले युरोपियन शिकारी हातात दोन नळ्यांची, पाच-सहा किलो वजनाची रायफल घ्यायचे. तिची एकेक गोळी ३० ते ५० ग्रॅमची. बार उडाला की खांदा सुन्न व्हायचा.

त्याच काळात एक स्कॉटिश गडी साध्या लष्करी जातीच्या काडतुसाने, ११ ग्रॅमच्या गोळीने हत्ती पाडत फिरत होता. थोडेथोडके नाहीत, आयुष्यात १०११ हत्ती.

त्याचं नाव वॉल्टर डॅलरिंपल मेटलंड बेल. जग त्याला करामोजो बेल म्हणून ओळखतं.

बेलचा जन्म १८८० सालचा, एडिनबराजवळचा. घर खाऊनपिऊन सुखी होतं, पण सात वर्षांचा व्हायच्या आत त्याचे आईवडील दोघंही गेले. थोरल्या भावांनी सांभाळलं, शाळेत घातलं. पण पोराचं मन शाळेत रमेना. १३ व्या वर्षी तो घर सोडून जहाजावर गेला.

१८९७ च्या सुमारास तो पूर्व आफ्रिकेत पोचला. तेव्हा तिथे युगांडा रेल्वेचं काम चालू होतं आणि मजुरांना सिंहांचा त्रास होता. सतरा वर्षांच्या बेलला सिंह मारायचं काम मिळालं. हातात होती .३०३ ची एका वेळी एकच गोळी भरता येणारी रायफल. नेम चुकला तर पुढची गोळी भरेपर्यंत सिंह थांबणार नव्हता. पहिलाच बार नेमका बसला पाहिजे, ही सवय त्याला इथे लागली.

मधे तो सोन्याच्या शोधात कॅनडाच्या क्लोंडाइकला गेला. सोन्यापेक्षा खाणकामगारांना शिकारीचं मांस विकण्यात त्याचं बस्तान बसलं, पण भागीदाराने त्याला फसवलं. मग रायफल विकून तो कॅनडाच्या घोडदळात भरती झाला आणि बोअर युद्धाच्या निमित्ताने पुन्हा आफ्रिकेत आला. युद्ध संपलं, तो तिथेच राहिला.

आता त्याला हत्ती हवे होते. त्यासाठी त्याने युगांडाच्या ईशान्य कोपऱ्यातला करामोजा हा भाग निवडला. तिथे सरकारचा अंमल नावापुरताच होता. बेलने स्थानिक लोकांशी जमवून घेतलं. हत्तींची पक्की खबर देणाऱ्याला तो गाय बक्षीस द्यायचा आणि मारलेल्या हत्तीचं मांस गावाला. याच करामोजावरून त्याला टोपणनाव पडलं.

आता मुख्य विषय. एवढ्या बारक्या गोळीने हत्ती पडायचा कसा?

सुरुवातीला बेलनेही चारचौघांसारखी जड डबल बॅरल रायफल वापरली होती. पण त्याच्या लक्षात आलं, की गोळी चुकीच्या जागी लागली तर मोठी गोळीसुद्धा हत्तीला जागेवर पाडत नाही, आणि बरोबर जागी लागली तर बारकी गोळीही पुरते.

ही बरोबर जागा म्हणजे मेंदू. हत्तीचं डोकं अवाढव्य असतं, पण समोरचा बराचसा भाग मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ हाडाचा. मेंदू असतो आत, पार मागे, दोन्ही कानांच्या छिद्रांच्या दरम्यान. बेलने हत्तीची कवटी उभी कापून मेंदू नेमका कुठे आहे ते पाहिलं, त्याची चित्रं काढली. समोरून, बाजूने, तिरक्या मागच्या बाजूने, कुठूनही बघितलं तरी आतला मेंदू कुठे असेल हे त्याला दिसू लागलं.

पण नुसती जागा माहीत असून भागत नाही. गोळी तिथपर्यंत सरळ पोचली पाहिजे.

शिकारीच्या गोळ्या ढोबळमानाने दोन प्रकारच्या. एक, पुढचं टोक मऊ शिशाचं असलेली. ती शरीरात शिरली की छत्रीसारखी फुलते आणि मोठी जखम करते. हरणाला, सिंहाला ही चालते. पण हत्तीच्या हाडावर आदळली की ती तिथेच फुलते किंवा फुटते, आणि मेंदू राहतो लांब.

दुसरी सॉलिड. तिच्यावर टोकापर्यंत कठीण धातूचं आवरण असतं, त्यामुळे ती आकार बदलत नाही. शिवाय बेलच्या गोळ्या बारीक, लांबट आणि गोल टोकाच्या होत्या. बारीक खिळा लाकडात जाड खुंटीपेक्षा सहज शिरतो, तसंच हे गणित. वजन तेवढंच असून गोळी बारीक झाली तर ती खोल जाते, आणि गोल टोकामुळे आत गेल्यावर सहसा वाकडी होत नाही.

काडतूस निवडताना त्याने आणखी एक गोष्ट पाहिली, ती म्हणजे भरवसा. त्याला ६.५ मिलिमीटरची मानलिशर रायफल आवडायची, हलकी आणि सुटसुटीत. पण तिची मिळालेली काडतुसं दगा देऊ लागली, तेव्हा त्याने ती बाजूला ठेवली. शेवटी त्याचा हात बसला तो रिग्बी कंपनीच्या .२७५ वर. हे काडतूस म्हणजे जर्मन ७ मिलिमीटर माउझरच. त्याचे सुमारे ८०० हत्ती याच काडतुसाने पडले.

हे .२७५ आपल्याही ओळखीचं आहे. १९०७ मध्ये जिम कॉर्बेटने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, तेव्हा त्याला भेट मिळालेली रायफल रिग्बीची .२७५ च होती.

हलक्या रायफलचा आणखी एक फायदा होता. हत्तींमागे रोज मैलोन् मैल चालावं लागायचं. एका वर्षात बेलने २४ जोड बूट झिजवले होते. दिवसभर जड बंदूक वाहून दमलेल्या हाताने नेम कसा धरणार?

पहिल्या महायुद्धात हा शिकारी वैमानिक झाला, मिलिटरी क्रॉस मिळवला. १९२३ मध्ये त्याचं हत्तींच्या शिकारीवरचं पुस्तक आलं. पुढे तो स्कॉटलंडमध्ये स्थायिक झाला, शिडाच्या बोटींच्या शर्यतीत रमला आणि १९५४ मध्ये वारला.

पण त्याच्यामागे एक गैरसमज उरला. बेलला जमलं म्हणजे हत्तीला छोटी रायफल पुरते, असं अनेकांनी धरलं. त्यांच्याकडे काडतूस बेलचं होतं, पण बेलचा नेम, कवटीचा अभ्यास आणि डोकं थंड ठेवायची सवय नव्हती. बारक्या गोळीत चुकीला जागाच नसते. मेंदू हुकला तर समोर उरतो जखमी, पिसाळलेला हत्ती. आफ्रिकेतल्या अनेक देशांनी पुढे धोकादायक जनावरांसाठी किमान .३७५ ची रायफल सक्तीची केली, ती उगाच नाही.

आणि हिशोबाची दुसरी बाजूही आहे. बेलचं सगळं शास्त्र, सगळी अचूकता शेवटी कामाला लागली ती बाजारात हस्तिदंत विकायला. त्याने मारलेले बहुतेक मोठ्या सुळ्यांचे नर होते. तो एकटा नव्हता, पुढे चोरट्या शिकाऱ्यांनी तर कळपच्या कळप संपवले. अखेर १९८९ मध्ये हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचं ठरलं.

आज त्याच करामोजात किडेपो व्हॅली राष्ट्रीय उद्यान आहे. लोक तिथे आजही हत्तींसाठीच जातात. फरक एवढाच, की आता नेम धरतो तो कॅमेरा.