बहिणीचे दुःख आणि अड्यारचे रुग्णालय

घरातील एखादे माणूस असाध्य रोगाने अंथरुणाला खिळते आणि डॉक्टर हळू आवाजात सांगतात की आता फार काही करता येण्यासारखे उरलेले नाही. त्या क्षणी घरच्यांपुढे प्रश्न उभा राहतो : याला आता कोठे न्यावे, आणि कोणाच्या हाती सोपवावे? हा प्रश्न एकेकाळी मद्रासमधील एका डॉक्टरबाईंच्याच घरात शिरला होता. त्यांचे नाव डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी.

त्यांचा जन्म ३० जुलै १८८६ रोजी पुदुकोट्टई संस्थानात झाला. वडील नारायणस्वामी अय्यर हे तेथील महाराजा कॉलेजचे प्राचार्य होते. आई चंद्रम्माळ देवदासी समाजातील होत्या. त्या काळी अशा घरातील मुलीच्या वाट्याला उपेक्षा ठरलेलीच होती. परंतु मुलीची बुद्धी तीव्र होती आणि वडिलांची जिद्द तिच्या पाठीशी होती. मुलांच्या कॉलेजात तिला प्रवेश देण्यास पुष्कळांनी विरोध केला, तेव्हा खुद्द महाराजांनी परवानगी देऊन तो वाद मिटवला. १९०७ मध्ये ती मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाली आणि १९१२ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडली. पुढे एग्मोर येथील स्त्रिया व बालकांच्या सरकारी रुग्णालयात तिने काम केले. १९१४ मध्ये डॉ. सुंदर रेड्डी यांच्याशी विवाह झाला. पतीने आपल्याला बरोबरीने वागवावे आणि आपल्या कामात आडवे येऊ नये, ही अट त्यांनी लग्नापूर्वीच घातली होती, आणि ती पाळलीही गेली.

संसार, दवाखाना, लहान मुले असे सारे सुरळीत चालले असता, १९२० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या धाकट्या बहिणीला आतड्याचा कर्करोग झाला. रोग वेळीच ओळखला गेला नाही. साध्या पोटाच्या विकारावरचे उपचार चालू राहिले आणि तेवढ्यात तो पसरला. बहीण स्वतः डॉक्टर, घरात ज्ञान आणि साधने दोन्ही होती. तरीही त्या तरुण स्त्रीच्या वेदना कमी करता आल्या नाहीत. ज्या रुग्णाला वाचवता येत नाही, त्याला सन्मानाने आणि वेदनेवाचून ठेवील अशी जागा त्या वेळी मद्रास शहरात नव्हती. बहिणीच्या मृत्यूचा हा घाव मुथुलक्ष्मीबाईंच्या मनावर कायमचा राहिला.

१९२५ मध्ये त्या अधिक शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. परत आल्यावर मद्रास विधानपरिषदेच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या आणि १९२७ मध्ये त्या सभागृहाच्या उपाध्यक्षपदी निवडून आल्या. देवदासी प्रथेविरुद्ध त्यांनी जो लढा उभारला, त्याला १९४७ च्या कायद्याने यश आले. १९३० मध्ये महात्मा गांधींना अटक झाली, तेव्हा त्यांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला. त्याच सुमारास निराधार मुली त्यांच्या दारी आल्या. त्यांना ठेवून घेण्यास कोणी तयार होईना, म्हणून बाईंनी त्यांना आपल्या घरात आसरा दिला. त्यातूनच ‘अव्वै होम’ ही संस्था उभी राहिली.

या साऱ्या धामधुमीत बहिणीची आठवण मागे पडली नाही. १९३५ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजच्या शताब्दीच्या प्रसंगी त्यांनी कर्करोगाच्या स्वतंत्र रुग्णालयाची कल्पना मांडली. सरकारदरबारी त्यांना थंड प्रतिसाद मिळाला. कर्करोग झालेला माणूस शेवटी दगावतोच, मग त्याच्यावर खर्च कशाला, असा तेव्हाचा सर्वसाधारण समज होता. मुथुलक्ष्मीबाईंचे म्हणणे नेमके याच्या उलट होते. माणूस वाचो वा न वाचो, त्याची काळजी घेणे थांबवता येत नाही, असे त्या मानीत.

याच काळात मुंबईत, पत्नी मेहेरबाईंच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूनंतर सर दोराबजी टाटांच्या मनात असाच विचार आला आणि त्यातून १९४१ मध्ये परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. मद्रासला मात्र पाठीशी कोणी धनाढ्य उद्योगपती नव्हता. तेथे ‘विमेन्स इंडियन असोसिएशन’च्या भगिनींनी दारोदार फिरून निधी जमवला. १० ऑक्टोबर १९५२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली आणि १८ जून १९५४ रोजी अड्यार येथे अवघ्या १२ खाटांचे रुग्णालय सुरू झाले. बाईंचे पुत्र डॉ. कृष्णमूर्ती यांनी ते वैद्यकीय दृष्ट्या उभे केले. पुढे डॉ. व्ही. शांता त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२१ पासून नव्हे, तर १९५५ पासून २०२१ मधील आपल्या मृत्यूपर्यंत त्यांनी आयुष्य याच संस्थेला दिले. पैसा नाही म्हणून रुग्णाला परत पाठवायचे नाही, हे तेथील व्रत होते.

२२ जुलै १९६८ रोजी मुथुलक्ष्मीबाईंचे निधन झाले. त्याच्या आदल्याच वर्षी लंडनमध्ये डॉ. सिसिली साँडर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू करून मरणासन्नांच्या शुश्रूषेला आधुनिक वैद्यकाची जोड दिली होती. या सेवेची मुळे फार जुनी आहेत. १८७९ मध्ये डब्लिनला धर्मभगिनींनी असेच शुश्रूषागृह उघडले होते. भारतात पहिले हॉस्पिस १९८६ मध्ये मुंबईच्या वांद्रे येथे ‘शांती अवेदना सदन’ या नावाने सुरू झाले. १९९७ मध्ये पुण्यात वारजे येथे कर्करुग्णांसाठी सिप्लाचे शुश्रूषा केंद्र निघाले.

आज आपल्यापैकी कोणावर अशी जागा निवडण्याची वेळ आली, तर या चरित्रातून काही धडे घेता येतात. पहिला धडा असा की, उशीर करू नये. मुथुलक्ष्मीबाईंच्या बहिणीच्या बाबतीत उशीर घातक ठरला. शुश्रूषेच्या बाबतीतही तसेच होते. औषधोपचार चालू असतानाच अशा सेवेची चौकशी करणे म्हणजे आशा सोडणे नव्हे. दुसरा, वेदनेविषयी स्पष्ट विचारावे. तेथे मॉर्फीन मिळते काय, ते देण्याचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर आहे काय, मध्यरात्री वेदना वाढल्या तर कोण धावून येते? २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फीन मिळण्यातील अडचणी कमी झाल्या आहेत. तेव्हा कायद्याचे कारण सांगून कोणी टाळाटाळ करीत असेल, तर दुसरीकडे विचारावे. तिसरा, रुग्णाला घरीच राहायचे असेल, तर परिचारिका घरी येतात काय आणि घरच्यांना शुश्रूषा शिकवतात काय, हे पाहावे. चौथा, खर्च आधीच विचारावा, आणि पैसे संपल्यास काय होईल तेही विचारावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रुग्ण बोलू शकत असेल तोवर त्याची इच्छा त्यालाच विचारावी. आपण पुष्कळदा त्याच्या खोलीबाहेर उभे राहून सारे ठरवतो आणि त्यालाच विसरतो.

शक्य असल्यास ती जागा एकदा स्वतः जाऊन पाहावी. भिंती किती नव्या आहेत याकडे लक्ष न देता, तेथील माणसे रुग्णाच्या खाटेपाशी बसतात की नुसती जवळून जातात, तेवढे पाहावे.

मुथुलक्ष्मीबाईंना आपल्या बहिणीसाठी अशी जागा मिळाली नाही. म्हणून सुमारे तीस वर्षे वाट पाहून त्यांनी ती इतरांच्या बहिणींसाठी उभी केली.