सलीम अली

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली (१२ नोव्हेंबर, १८९६, मुंबई – २० जून, १९८७, मुंबई) हे भारतीय पक्षिशास्त्रज्ञ आणि निसर्गसंवर्धक होते. लहानपणी त्यांना नामवंत शिकारी व्हायचे होते. हातातील बंदुकीनेच त्यांना पक्ष्यांच्या अभ्यासाकडे नेले आणि पुढे त्याच अभ्यासाने त्यांना हौशी शिकारीचे विरोधक बनवले.

बालपण

सलीम हे भावंडांतील सर्वांत धाकटे. लहान वयातच आईवडिलांचे छत्र हरपल्याने मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतील घरी त्यांचा सांभाळ केला. सुट्टीत कुटुंब चेंबूरला जाई. आज उपनगर असलेले चेंबूर तेव्हा झाडीने वेढलेले खेडे होते. मामा स्वतः शिकारी होते; त्यांनी भाच्याला एअरगन दिली.

१९०६-०७ च्या सुमारास सलीमने तबेल्यातील एका घरट्याबाहेर राखण करणारा चिमणा टिपला. मादीने लवकरच दुसरा जोडीदार मिळवला. सात दिवसांत त्याने असे आठ नर मारले आणि दर वेळी नवा नर हजर झाला. शिकारीची फुशारकी म्हणून वहीत केलेली ही नोंद प्रत्यक्षात पक्ष्यांच्या वर्तनाचे निरीक्षण होती.

पुढे पिवळ्या गळ्याची एक चिमणी त्याच्या हाती पडली. ती ओळखता येईना, म्हणून मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला, संस्थेचा संग्रह दाखवला आणि वाचायला पुस्तके दिली.

संग्राहकाची बंदूक

त्या काळी पक्ष्याची जात निश्चित करण्यासाठी नमुना हाती असणे आवश्यक मानले जाई. जाड छऱ्याने लहान पक्ष्याच्या चिंधड्या उडत आणि कातडे निकामी होई. त्यामुळे संग्राहक पक्ष्याच्या आकारानुसार बारीक छऱ्याची काडतुसे वापरत. काही जण बारा बोरच्या नळीत कमी व्यासाची जोडनळी बसवत. एकाच बंदुकीने मोठा व छोटा पक्षी टिपण्याची ही सोय होती.

सलीम अली यांनी १९३० च्या दशकात हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन इत्यादी संस्थानांत पक्षी-सर्वेक्षणे केली, तेव्हा नमुने बंदुकीनेच गोळा केले. शास्त्रीय गरजेपुरते नमुने घेणे त्यांनी कधीही गैर मानले नाही. मनोरंजनासाठी होणारी कत्तल मात्र त्यांना अमान्य होती.

निरीक्षणाकडे

बर्लिनमध्ये एर्विन स्ट्रेसेमान यांच्याकडे अभ्यास करून ते १९३० मध्ये परतले, तेव्हा निधीअभावी मुंबईच्या संग्रहालयातील त्यांची नोकरी गेली होती. त्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांनी सुगरण पक्ष्यांची वसाहत पाहिली. येथे साधने दोनच होती: डोळे आणि वही. एक नर एकामागून एक घरटी विणतो आणि वेगवेगळ्या माद्यांशी जोडी जमवतो, हे त्यांनी दाखवून दिले. तबेल्यातील मुलाने आठ पक्षी मारून जे पाहिले, त्याच प्रकारच्या प्रश्नाचे उत्तर येथे एकही गोळी न झाडता मिळाले.

क्षेत्रभ्रमंतीत साथ देणाऱ्या पत्नी तेहमिना १९३९ मध्ये निवर्तल्या. त्यानंतर सलीम अली वांद्र्याच्या पाली हिल येथे बहीण व मेहुण्यांकडे राहू लागले.

संवर्धन

भरतपूरच्या पाणथळीत १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी आयोजित शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले होते. तीच पाणथळ वाचवण्यासाठी सलीम अली यांनी शासनदरबारी पाठपुरावा केला. १९५९ पासून सोसायटीने स्थलांतरित पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याची मोहीम राबवली. त्यामुळे पक्षी जिवंत सोडूनही त्याचा प्रवास समजू लागला. केवलादेव राष्ट्रीय उद्यान १९८५ मध्ये जागतिक वारसास्थळ ठरले.

ग्रंथ व सन्मान

'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' (१९४१) आणि डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा पक्षिकोश (१९६८–७४) हे त्यांचे प्रमुख ग्रंथ होत. त्यांना पद्मभूषण (१९५८) व पद्मविभूषण (१९७६) हे किताब मिळाले. १९८५ मध्ये त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राचे नाव 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' आहे. त्या शीर्षकातील चिमणी म्हणजे बालपणी एअरगनने टिपलेली तीच पिवळ्या गळ्याची चिमणी होय.