ब्लीचच्या बाटलीमागचा डॉक्टर

क्लोद लुई बेर्तोले. हे नाव मी मेसच्या टेबलावर काढलं तेव्हा एकीने तो फ्रान्सचा फुटबॉलपटू आहे का असं विचारलं. फ्रान्सचा आहे, फुटबॉलपटू नाही. आपण बाथरूमच्या फरशा, पिवळे पडलेले एप्रन आणि (माझ्या बाबतीत) फिशटँकचे शेवाळलेले पाइप ज्या ब्लीचने साफ करतो, ते ब्लीच घरोघरी येण्याची सुरुवात या माणसापासून झाली. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे 'विरंजन' हा शब्द मला मराठी-इंग्लिश डिक्शनरीत शोधावा लागला. तो लिहून ठेवते, पण पुढे ब्लीचच म्हणते, चालवून घ्या.

बेर्तोलेचा जन्म ९ डिसेंबर १७४८ चा, आल्प्सच्या पायथ्याशी आन्सी सरोवराकाठच्या तालुआर गावातला. तो मुलूख सव्हॉयचा, तेव्हा फ्रान्समध्ये नव्हता. इटलीतल्या तुरिनला तो डॉक्टरकी शिकला आणि १७७२ मध्ये पॅरिसला आला. दिवसा मोठ्या घरांतले पेशंट आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळा असं त्याचं चाललं होतं. १७८० मध्ये तो विज्ञान अकादमीत निवडला गेला आणि १७८४ मध्ये सरकारने त्याच्याकडे गोबेलँच्या कारखान्यातल्या रंगकामाची देखरेख सोपवली. गोबेलँ म्हणजे राजासाठी भिंतीवरचे विणलेले पडदे बनवणारा कारखाना. डॉक्टर माणूस रंगारी झाला म्हणा ना!

त्या काळात कापड पांढरं करणं म्हणजे वैताग होता. राखेच्या पाण्यात उकळा, हिरवळीवर पसरून उन्हात ठेवा, आंबट ताकात बुडवा, परत पसरा. महिनेच्या महिने जायचे आणि त्यासाठी चांगली शेतजमीन अडकून पडायची. स्वीडनच्या शीलने १७७४ मध्ये एक हिरवट पिवळा, घसा धरणारा वायू शोधला होता. वनस्पतींचे रंग त्याने उडतात हे शीललाही दिसलं होतं. पण यावर कारखाना चालू शकतो हे बेर्तोलेने ओळखलं. १७८५ पासून त्याने त्या वायूचे कापडावर प्रयोग केले, आणि महिन्यांचं काम दिवसांवर आलं. गंमत अशी की हा वायू ऑक्सिजनपासून बनलेला आहे असं तो मानत होता. ते मूलद्रव्य आहे असं सांगून डेव्हीने त्याला क्लोरीन हे नाव दिलं ते १८१० मध्ये. म्हणजे थिअरी चुकीची, प्रोसेस बरोबर. आपल्या ब्रँचमध्ये असं बऱ्याचदा चालतं.

त्याने यावर पैसा मात्र केला नाही. वाफेच्या इंजिनवाला जेम्स वॅट १७८६ च्या हिवाळ्यात पॅरिसला आला होता. बेर्तोलेने त्याला सगळी कृती उघडपणे करून दाखवली. वॅटचे सासरे ग्लासगोजवळ कापड धुवून पांढरं करण्याचाच धंदा करायचे! त्यामुळे ही विद्या लगेच समुद्रापलीकडे गेली. पुढे १७९९ मध्ये ब्लीचिंग पावडरचं पेटंट टेनंट नावाच्या स्कॉटिश माणसाने घेतलं.

अडचण होती ती वायूची. काम करणारे खोकून बेजार व्हायचे. मग तो वायू पोटॅशच्या द्रावणात सोडायची युक्ती आली. अल्कलीत तो बांधला जातो आणि बाहेर कमी येतो. पॅरिसच्या कडेला सीन नदीवरच्या झावेल गावातल्या कारखान्यात हे पाणी बनू लागलं. आजही फ्रेंच लोक ब्लीचला झावेलचं पाणी म्हणतात. आपल्या बाटलीत पोटॅशियमऐवजी सोडियमचं हायपोक्लोराइट असतं एवढाच फरक.

आता आमच्या टँककडे येते, कारण बेर्तोले मला तिथेच भेटला. हॉस्टेलच्या कॉमन रूममधल्या टँकची ड्यूटी माझ्याकडे आहे. खिडकीतून ऊन येतं, म्हणून शेवाळं भरपूर. फिल्टरचा पाइप आतून हिरवा, प्लास्टिकची झाडं काळपट. एका रविवारी मी ते सामान ब्लीचमध्ये घालायला काढलं. आमच्या बोअरच्या पाण्यामुळे पाइपवर पांढरा क्षारही चढला होता. एक ज्युनियर मदतीला आली आणि म्हणाली, ताई, व्हिनेगरपण यातच ओतू का, दोन्ही कामं एकदम होतील. बाटलीचं झाकण उघडलेलं होतं. मी तिचा हात धरला.

तो हात का धरला हे समजायला बेर्तोलेबरोबर इजिप्तला जावं लागतं. मधली वर्षं भराभर सांगते. लाव्होआझिए आणि इतर दोघांबरोबर त्याने १७८७ मध्ये रसायनांना नवी पद्धतशीर नावं दिली. १७८८ मध्ये त्याने शोधलेल्या पोटॅशियम क्लोरेटची बंदुकीची दारू करून बघताना स्फोट झाला आणि दोन माणसं गेली. मग क्रांती आली. मे १७९४ मध्ये लाव्होआझिएचं डोकं उडवलं गेलं. बेर्तोले वाचला. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात. सैनिकांच्या ब्रँडीत विष आहे असा संशय सत्ताधाऱ्यांना होता आणि त्यांना तसाच रिपोर्ट हवा होता. त्याने तपासून विष नाही असं लिहिलं आणि खात्री पटवायला ती ब्रँडी गाळून त्यांच्यासमोर प्यायला. गोष्ट खरी असो नसो, त्याच्या ओळखीच्यांना ती खरी वाटली हे महत्त्वाचं.

१७९८ मध्ये तो नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला. तिथे वाळवंटातल्या नॅट्रन सरोवरांच्या काठावर त्याला सोड्याचे थर दिसले. प्रयोगशाळेत सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड एकत्र केलं की चुनखडी आणि मीठ मिळतं. इथे मात्र चुनखडी आणि मीठ भरमसाट होतं, आणि गाडी उलटी चालून सोडा तयार होत होता. तेव्हा सगळे मानायचे की कुठला पदार्थ कुणाशी जोडला जाणार हे कायमचं ठरलेलं असतं. बेर्तोलेच्या लक्षात आलं की कोण किती प्रमाणात आहे आणि परिस्थिती काय आहे यावरही ते ठरतं. रिअॅक्शन मागेसुद्धा फिरते. १८०३ च्या त्याच्या ग्रंथात हे सगळं सविस्तर आहे. गुल्डबर्ग आणि वागे या नॉर्वेच्या जोडीने त्याला गणित दिलं ते १८६४ मध्ये, म्हणजे आपण परीक्षेला घोकतो तो मास अॅक्शनचा नियम.

ब्लीचच्या बाटलीत क्लोरीनला अल्कलीने बांधून ठेवलेलं असतं. त्यात आम्ल पडलं की गाडी उलटी फिरते आणि क्लोरीन वायू सुटून बाहेर येतो. व्हिनेगरने, टॉयलेटच्या ॲसिडने तर जास्तच. बंद बाथरूममध्ये हे जिवावर बेतू शकतं. अमोनियावाल्या क्लीनरबरोबर क्लोरामीनचा विषारी धूर होतो. अमोनिया म्हणजे नायट्रोजन आणि हायड्रोजन हेही १७८५ मध्ये बेर्तोलेनेच दाखवलं होतं, काय योगायोग.

तर आमची पद्धत अशी. आधी प्लग काढायचा आणि हीटर पाण्यातच थंड होऊ द्यायचा, गरम काच बाहेर काढली तर तडकते. पाइप आणि प्लास्टिकची झाडं टँकपासून लांब, उघड्या गॅलरीत, वेगळ्या बादलीत. बिनवासाचं साधं ब्लीच एक वाटी, पाणी एकोणीस वाट्या, हातात मोजे. दहा-पंधरा मिनिटांत हिरवं पांढरं पडतं. गोबेलँमधलं कापड असंच पडत असणार. मग भरपूर पाण्याने धुवून, माशांच्या दुकानात अँटिक्लोरीन म्हणून मिळणारं सोडियम थायोसल्फेट घातलेल्या पाण्यात बुडवून ठेवायचं, वास पूर्ण गेला की उन्हात खडखडीत वाळवायचं. क्षार काढायचं व्हिनेगर दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या बादलीत. साबण अजिबात नाही. आणि फिल्टरच्या स्पंजला ब्लीच दाखवायचंसुद्धा नाही. माशांच्या घाणीतला अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया त्यात राहतात, ते मेले तर मागोमाग मासे जातात. स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा.

इजिप्तहून परतल्यावर त्याचा प्रूस्तशी वाद झाला, तो बरीच वर्षं चालला. संयुगातलं प्रमाण ठरलेलं असतं असं प्रूस्त म्हणायचा, ते बदलू शकतं असं बेर्तोले. प्रूस्त जिंकला. माझ्या मते वाद कसा घालावा हे या दोघांकडून शिकावं, कारण इतक्या वर्षांत त्यांनी एकमेकांची इज्जत काढली नाही. पुढे ज्या थोड्या पदार्थांत प्रमाण खरंच बदलतं त्यांना बेर्तोलाइड असं नाव मिळालं.

पॅरिसजवळ आर्कयला त्याचं घर होतं. शेजारी लाप्लास. घरात प्रयोगशाळा, आणि तिथे तरुण पोरांचा राबता. गे-ल्युसॅक तिथलाच. तेनारही तिथलाच, ज्याने १८१८ मध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड शोधलं. मेडिकलच्या दुकानातलं तीन टक्क्यांचं पेरॉक्साइड शेवाळ्यावर चांगलं चालतं आणि शेवटी पाणी आणि ऑक्सिजन होऊन जातं, त्यामुळे बारीक नळ्यांसाठी मी तेच वापरते (तेही ब्लीच किंवा व्हिनेगरमध्ये मिसळायचं नाही). बेर्तोलेचा एकुलता एक मुलगा त्याच्या डोळ्यांदेखत तरुणपणीच गेला, आणि त्यानंतर घरातली ती मजा कमी झाली म्हणतात. ६ नोव्हेंबर १८२२ ला तो आर्कयलाच वारला. झावेल गाव आता पॅरिसमध्ये मिसळून गेलंय. तिथे त्या नावाचं मेट्रो स्टेशन आहे.