विश्लेषण : छापील जाहिरात कधी वाचली जाते, कधी वाया जाते? डेव्हिड ओगिल्व्ही यांनी काय शोधले?

वृत्तपत्राचे पान उलटताना डोळा जाहिरातीवर क्षणभर थांबतो किंवा पुढे सरकतो. जाहिरातदाराचा खर्च सत्कारणी लागणार की पाण्यात जाणार, हे बहुधा तेवढ्यातच ठरते. डोळा नेमका कशामुळे थांबतो, याचा शोध डेव्हिड ओगिल्व्ही (१९११-१९९९) यांनी आयुष्यभर घेतला. चित्रकलेचे किंवा जाहिरातीचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. तरीही छापील जाहिरातीच्या मांडणीचे त्यांचे नियम आजही शिकवले जातात.

जाहिरातीपूर्वीचे आयुष्य कसे होते?

ओगिल्व्ही यांचा जन्म इंग्लंडमधील सरे परगण्यात झाला. ऑक्सफर्डमधील शिक्षण अर्धवट सोडून १९३१ मध्ये ते पॅरिसच्या हॉटेल मॅजेस्टिकच्या मुदपाकखान्यात कामाला लागले. त्यानंतर स्कॉटलंडमध्ये ते दारोदार फिरून ‘आगा’ कंपनीच्या शेगड्या विकू लागले. मंदीच्या त्या काळात महागडी शेगडी विकणे सोपे नव्हते. ओगिल्व्ही यांची विक्री मात्र इतकी चांगली होती की, कंपनीने १९३५ मध्ये इतर विक्रेत्यांसाठी त्यांच्याकडून मार्गदर्शक पुस्तिका लिहून घेतली.

दारात उभ्या असलेल्या विक्रेत्याला समोरचा माणूस कंटाळला की लगेच कळते. छापील जाहिरातीला ते कळत नाही. ही उणीव भरून काढण्याचा मार्ग त्यांना अमेरिकेत सापडला.

गॅलप यांच्याकडे काय शिकले?

१९३८ मध्ये ओगिल्व्ही अमेरिकेत गेले आणि जनमत चाचण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जॉर्ज गॅलप यांच्या संस्थेत काम करू लागले. प्रेक्षकांना कोणता चित्रपट, कोणता कलाकार आवडेल, याची पाहणी ते हॉलिवूडसाठी करत. लोकांना काय आवडते याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा ते मोजावे, ही शिस्त त्यांच्या अंगी इथे बाणली.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिश गुप्तचर विभागासाठी काम केले. नंतर पेन्सिल्व्हेनियात काही काळ शेती करून पाहिली. १९४८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जाहिरात संस्था सुरू केली, तेव्हा त्यांचे वय ३७ होते आणि गाठीशी अवघे ६ हजार डॉलर होते. लंडनमधील दोन जाहिरात संस्थांचा पाठिंबा एवढाच काय तो आधार.

डोळ्यावरच्या पट्टीने काय केले?

हॅथवे ही मेन राज्यातील शर्ट बनवणारी छोटी कंपनी. तिची जाहिरातीची तरतूद ३० हजार डॉलर, तर प्रतिस्पर्धी ‘ॲरो’ची २० लाख डॉलर. एवढ्या तफावतीत नेहमीच्या पद्धतीची जाहिरात कुणाच्या लक्षातही आली नसती.

चित्रात एखादी गोष्ट दडलेली असेल तर वाचक थबकतो, असे हॅरॉल्ड रुडॉल्फ यांच्या संशोधनातून पुढे आले होते. ओगिल्व्ही यांनी तसे अनेक पर्याय काढले. छायाचित्रणाला जाताना वाटेतल्या औषधाच्या दुकानातून त्यांनी डोळ्यावर बांधायची काळी पट्टी घेतली. १९५१ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’मध्ये जाहिरात झळकली. उंची शर्ट घातलेल्या रुबाबदार पुरुषाच्या डोळ्यावर पट्टी का, हे कोडे सोडवायला वाचक खालच्या मजकुराकडे वळला. शतकभर फारशी कुणाला ठाऊक नसलेली हॅथवे देशभर ओळखली जाऊ लागली.

लांबलचक मजकूर कोण वाचतो?

रोल्स-रॉइसचे काम मिळाल्यावर ओगिल्व्ही यांनी तीन आठवडे फक्त त्या गाडीविषयी वाचन केले. १९५८ मधील त्या जाहिरातीच्या शीर्षकात गाडीची स्तुती नव्हती. ताशी ६० मैल वेगातही गाडीत सर्वांत मोठा आवाज विजेच्या घड्याळाचा असतो, एवढीच माहिती होती. ती त्यांना वाचनातच सापडली होती. खाली क्रमांक घातलेले मुद्दे होते आणि मजकूर सहाशेहून अधिक शब्दांचा होता. महाग वस्तू घेणाऱ्याला तपशील हवा असतो, असे त्यांचे म्हणणे होते. वाचकाला हुशार समजावे आणि विशेषणांऐवजी वस्तुस्थिती द्यावी, हे सूत्र त्यांनी कायम पाळले.

मांडणीचे नियम कोणते?

ओगिल्व्ही यांच्या मते मजकुरापेक्षा शीर्षक पाचपट लोक वाचतात. त्यामुळे वस्तूचे नाव आणि तिचा फायदा शीर्षकातच यायला हवा. त्यांचे इतर प्रमुख नियम असे :

• वर मोठे चित्र, त्याखाली शीर्षक आणि त्याखाली मजकूर. नजर वरून खाली उतरते, तिला उलटे फिरवू नये.

• रेखाचित्रापेक्षा छायाचित्र घ्यावे. छायाचित्राखालची ओळ मजकुरापेक्षा जास्त वाचली जाते, म्हणून ती रिकामी सोडू नये.

• काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे टाळावीत. मजकूर वाचणे त्रासदायक होते.

• इंग्रजी शीर्षक सगळेच मोठ्या लिपीत छापू नये. शब्दांचे आकार सारखे दिसतात आणि वाचन मंदावते.

मागे कारण एकच होते. डोळ्याला अडथळा झाला की वाचक निघून जातो. स्पर्धेत पारितोषिक मिळवणारी, पण वाचता न येणारी मांडणी त्यांच्या लेखी अपयशीच होती.

हे नियम अंतिम होते का?

नाही. १९५९ मध्ये विल्यम बर्नबाख यांच्या संस्थेने फोक्सवॅगनची गाडी कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात चिमुकली दाखवली. मोठ्या चित्राचा संकेत त्यात मोडला होता. अक्षरेही ओगिल्व्ही यांना आवडत तशी पारंपरिक वळणाची नव्हती. जाहिरात गाजली. मात्र वर चित्राचा भाग, खाली शीर्षक आणि तीन रकाने मजकूर हा सांगाडा ओगिल्व्ही वापरत तोच होता. बर्नबाख यांचा भर कल्पनेवर होता, ओगिल्व्ही यांचा मोजमापावर. तरी डोळ्यावरची पट्टी कोणत्याही तक्त्यातून निघालेली नव्हती. संशोधनाने दिशा दिली, पट्टी मात्र त्यांना स्वतःलाच सुचली.

अखेरची वर्षे कशी गेली?

१९७३ मध्ये ओगिल्व्ही फ्रान्समधील तूफू येथील गढीत राहायला गेले. निवृत्तीनंतरही ऐंशीच्या दशकात त्यांनी संस्थेच्या भारतातील शाखेचे अध्यक्षपद सांभाळले. १९८९ मध्ये त्यांची संस्था त्यांच्या इच्छेविरुद्ध डब्ल्यूपीपी समूहाने विकत घेतली. २१ जुलै १९९९ रोजी तूफू येथेच त्यांचे निधन झाले.

कागदाची जागा आता मोबाइलने घेतली असली, तरी जाहिरात तपासायची त्यांची कसोटी वापरता येते. चित्र पाहून उत्सुकता वाटते का, शीर्षकातून काही कळते का आणि मजकूर डोळ्यांना त्रास न होता वाचता येतो का? तिन्हींची उत्तरे नकारार्थी असतील, तर जाहिरात कितीही देखणी असली तरी पैसे वाया गेले.