लॉर्ड केल्विन

विल्यम थॉमसन यांचा जन्म १८२४ साली बेलफास्ट येथे झाला. अवघ्या बाविसाव्या वर्षी ते ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक झाले.

१८५२ साली त्यांनी एक चमत्कारिक वाटणारी योजना मांडली. कोळसा नुसता शेगडीत जाळू नये, त्यावर यंत्र चालवावे आणि मोटेने विहिरीचे पाणी वर काढावे, तशी बाहेरच्या गार हवेतील उष्णता घरात ओढून आणावी! कोळसा कितीतरी कमी लागेल. शिवाय तेच यंत्र उलट चालविल्यास घर थंडही होईल. योजना त्या वेळी कागदावरच राहिली.

पुढे एडिंबरो येथे जमिनीत पुरलेल्या उष्णतामापकांच्या नोंदी त्यांनी अभ्यासल्या. खोल जावे तसतसा उन्हाळ्या-हिवाळ्यातील फरक कमी होत जातो.

१८९२ साली ते लॉर्ड केल्विन झाले आणि १९०७ साली निवर्तले. आज कित्येक नगरांत भूमीत पुरलेल्या नळांतून पाणी खेळविले जाते. त्यातील उष्णता यंत्रे उपसून घरोघरी पोहोचवितात.